तेवीस टाके

त्या राज्यात कुणीही जन्मतः शिंपी, सुतार किंवा धोबी नसे. पाखरू अंड्यातून बाहेर येई ते नुसतं पाखरू म्हणून. नाव मागाहून मिळे. खोड कोरता आलं की सुतार, पान शिवता आलं की शिंपी. तोवर सगळ्यांना मिळून एकच नाव होतं, उमेदवार. शब्द चांगला होता, त्यात उमेद होती. पण चौथ्या वर्षीही कुणी त्याच नावानं हाक मारली की पाखरू ऐकू न आल्यासारखं करी.

काम शिकल्यावर लगेच नाव मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. पण नावासाठी झाडीबाहेर तळ्यावर जावं लागे. फार पूर्वी थंडीच्या दिवसांत लांबच्या मुलखातून हंस येत, तळ्यात बसत आणि झाडीचा कारभार पाहत. कारागिराला मोजणी आली पाहिजे आणि हंसबोलीही आली पाहिजे, हा नियम त्यांचा. मग एका वर्षी हंस आले नाहीत. पुढेही आले नाहीत. नियम मात्र राहिला, आणि तो सांभाळायला बगळे पुढे झाले, कारण लांबून तेच हंसांसारखे दिसत. बगळ्यांची हंसबोली खऱ्या हंसाला कळली असती का, हे आता कोण सांगणार?

तळ्यावर दोन गोष्टी करून दाखवायच्या असत. आधी हंसबोलीत एक वाक्य म्हणायचं : महाराज, आज पाणी गार आहे. शिंपी पाखरं तळ्यात कधी उतरत नाहीत, तरी हे वाक्य सगळ्यांनी घोकलेलं असे. मग मोजणी. काठावर शेजारी शेजारी दोन खळगे होते, डावा दशकांचा आणि उजवा सुट्यांचा. उमेदवारानं पाण्याकडे पाठ करून, पूर्वी हंस उभे राहत त्या जागी उभं राहायचं. बगळा हंसबोलीत आकडा सांगे आणि उमेदवार चोचीनं खडे उचलून खळग्यांत टाकी. आकडा पाण्याच्या बाजूनंच वाचायचा, असंही नियमात होतं.

बारकी तीनदा इथेच अडली.

ती उशिरा शिकायला आली होती. आई सापानं नेली, आणि पाठच्या भावंडांना उडतं करण्यात तिचे पहिले पावसाळे गेले. मग एका सकाळी ती गोदाक्काच्या फांदीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आक्का, मला शिवायला शिकवा." गोदाक्का म्हणजे झाडीतली सगळ्यांत जुनी शिंपीण. तिनं बारकीची चोच वरून खालून न्याहाळली आणि म्हणाली, "चोच ठीक आहे. धीर आहे का ते बघू."

धीर होता. पानाच्या दोन कडा जवळ आणायच्या, चोचीनं भोक पाडायचं, सावरीच्या कापसाचा धागा त्यातून ओढायचा आणि बाहेरचं टोक पिंजून ठेवायचं, म्हणजे टाका मागे सरकत नाही. एका पानाला असे तेवीस टाके लागत. बावीस घातले तर वाऱ्यात तोंड उघडे, चोवीस घातले तर पान आखडून फाटे. आणि दर टाक्याला औट चोच धागा. औट म्हणजे साडेतीन. गोदाक्का शिवता शिवता औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणायची. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. तेवीस औट साडेऐंशी म्हणेपर्यंत पान शिवून झालेलं असे.

पूर्वी सगळी झाडी अशी म्हणत असे. सुतारांची दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, वेगळी, त्यांच्या ठोक्यावर चालणारी. कुंभारमाश्यांची पावकी, म्हणजे पावाचा पाढा, इतकी हळू की मातीला कान लावावा लागे. उन्हं वर यायच्या आत फांद्याफांद्यांतून हे सूर निघत, आणि पाखराला आपण मोजणी शिकतो आहोत हे कळायच्या आधीच मोजणी येत असे.  पुढे तळ्यावरच्या घोकंपट्टीत वेळ जाऊ लागला, आणि एकेक फांदी गप्प होत गेली. गोदाक्काची तेवढी बोलती राहिली.

तर बारकीला तेवीस म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं. पण झाडीत तेवीस म्हणताना तीन आधी येतात आणि वीस मागून. म्हणून झाडीतलं पाखरू आधी ऐकलेल्या आकड्याचे खडे उजव्या खळग्यात टाकतं आणि मागच्याचे डाव्या. हंसबोलीत मोठ्याचा मान आधी, म्हणजे वीस आधी आणि तीन मागून. बगळा म्हणाला, "वीस-तीन." बारकीची चोच सवयीनं चालली. दोन खडे उजवीकडे पडले, तीन डावीकडे.

"बत्तीस," बगळा म्हणाला. "पुढच्या वर्षी या."

हे तिसऱ्यांदा होतं. पहिल्या वर्षी तिनं एक्केचाळीसचे चौदा केले होते, दुसऱ्या वर्षी पंच्याहत्तरचे सत्तावन्न. खाली उतरून दोन घोट पाणी प्यावं इतकंही तिला सुचलं नाही. ती तशीच झाडीत परतली.

नाव नसलेल्यानं शिवलेलं पान सूर्य मावळायच्या आत उसवावं लागे, त्यात अंडी ठेवायची नाहीत, हा तिथला रिवाज होता. बारकीनं तीन वर्षं रोज शिवलं आणि रोज उसवलं. मागल्या साली तिनं आपली अंडी दुसऱ्या एका शिंपिणीच्या पानात ठेवली. त्या शिंपिणीला नाव होतं, तिचं हंसबोलीतलं वाक्य अगदी सफाईदार होतं. पण पानाला टाके एकोणीसच होते. वळवाच्या वाऱ्यात पानाचं तोंड उघडलं. अंडी खाली पडली. यंदा तिचं पोट पुन्हा जड झालं होतं.

परीक्षेनंतर दोनच दिवसांनी कोतवाल पक्ष्यानं झाडीभर दवंडी पिटली. ज्यांनी तीनहून जास्त पावसाळे पाहिले आहेत, त्या उमेदवारांवर तळ्याची सक्ती नाही. शिकवणाऱ्या कारागिरानं शब्द दिला की नाव मिळेल. लहानांना मात्र जुनाच नियम.

झाडीत एकच गलबला झाला. कुणी म्हणालं, बरं झालं. कुणी म्हणालं, आता कुणीही उठेल आणि शिंपी होईल. सुतारांच्या एका म्हाताऱ्यानं तर दिवसभर खोडाला चोच लावली नाही.

दुसऱ्या दिवशी बारकीनं पहाटेच एक पान शिवून काढलं आणि ती गोदाक्काकडे आली.

"आक्का, ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"पान तयार आहे. आजच अंडं येईलसं वाटतंय."

गोदाक्कानं पानाकडे पाहिलं नाही. तिच्या घरट्याच्या कडेला एक पांढरं पीस खोचलेलं होतं. तळ्यावर पास झाल्यावर बगळे देत ते पीस. त्यासाठी ती दोन हिवाळे त्या काठावर गारठली होती. पाण्याचं ते वाक्य म्हणताना तिची जीभ अडखळली तेव्हा बाकीचे उमेदवार हसले होते, ते हसणं तिला अजून आठवत होतं. आणि आता ही म्हणते, पान तयार आहे.

"मी दोन हिवाळे उगाच गेले होते का गं?" ती म्हणाली.

 "उन्हं उतरेपर्यंत मी थांबते," एवढंच बारकी म्हणाली. "नाहीतर उसवते. सवय आहे."

गोदाक्काला करमेना. आपण बारकीवर रागावलो आहोत की त्या दोन हिवाळ्यांवर, हे तिचं तिलाच उलगडेना. दुपार कलली तशी ती उठली आणि कित्येक वर्षांनी तळ्याकडे निघाली. आपली जुनी जागा एकदा डोळ्यांनी बघावी, इतकंच तिच्या मनात होतं.

म्हातारा बगळा काठावर एकटाच उभा होता. लहानांच्या परीक्षेला अजून अवकाश होता, आणि मोठं कुणी आता येणार नव्हतं. तो पाण्याच्या बाजूला, त्याच्या नेहमीच्या जागी होता. गोदाक्का झाडीकडून आली आणि पंख दुखत होते म्हणून वळसा न घालता अलीकडेच बसली.

"ओळखलंत का, गुरुजी?"

"गोदाबाई. पाणी गार आहे म्हणताना अडखळायचात." बगळा जरा हसला. "आता कुणी तेही म्हणायला येत नाही."

 दोघांनाही तीच जुनी थंडी आठवत होती. मग गोदाक्काची नजर समोरच्या खळग्यांवर गेली. खडे अजून तसेच पडलेले होते.

"हे कुणाचे?"

"तुमच्याच उमेदवाराचे. शेवटची आलेली ती. वीस-तीन सांगितले तर बत्तीस मांडले. काय करणार?"

गोदाक्कानं पुन्हा पाहिलं. मान तिरपी करून पाहिलं. डाव्या खळग्यात दोन खडे होते, उजव्या खळग्यात तीन.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "जरा इकडून येऊन बघता का?"

"इकडून म्हणजे?"

"झाडीच्या बाजूनं."

बगळा चाळीस हिवाळे त्या काठावर उभा होता, पण खळग्यांच्या पलीकडे त्यानं कधी पाय टाकला नव्हता. त्यानं एक पाय उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग वळसा घालून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं खड्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"वीस-तीन," तो म्हणाला.

"आम्ही तेवीस म्हणतो," गोदाक्का म्हणाली.

सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकत होता. गोदाक्का उठली आणि त्या वयात तिला जितक्या वेगानं उडता आलं तितक्या वेगानं उडाली. तिच्या मागे बगळा झाडीच्या बाजूलाच उभा राहिला.

बारकी आपल्या पानाच्या तोंडाशी होती. तिनं शेवटच्या टाक्याचं पिंजलेलं टोक चोचीत धरलं होतं, पण अजून ओढलं नव्हतं. ती पुटपुटत होती, उलट्या क्रमानं. तेवीस औट साडेऐंशी, बावीस औट सत्त्याहत्तर. उसवतानाही ती औटकी चुकवत नसे.

खालच्या फांदीवरून, दम लागलेल्या आवाजात हाक आली, दारावर येणारा माणूस मारतो तशी.

"अहो शिंपीणबाई, आहात का घरात?"

टोक चोचीतून सुटलं आणि ती हाकेच्या दिशेनं वळली. आक्का कुणाला हाक मारते आहे, कोणती शिंपीण आली आहे, म्हणून बारकीनं मागे वळून पाहिलं. मागे तेवीस टाके होते.