ठुमकीच्या गळ्यातली लिंबू-मिरची

शेळ्यासुद्धा तक्रारी करायच्या, तेव्हाची गोष्ट. कुसुरगावच्या पेठेत ठुमकी नावाची शेळी होती. दर शनिवारी दुकानदार दारात लिंबू-मिरची टांगत. त्यांची पाठ फिरली की ठुमकी मागच्या पायांवर उभी राहून ती फस्त करी. वर म्हणे, "माझ्यासाठीच तर टांगतात!"

खाऊन खाऊन ती अशी गुटगुटीत झाली की, एका शनिवारी मालकीण अनसाबाईंनी तिच्याच गळ्यात लिंबू-मिरची बांधली. "दृष्ट लागेल गं माझ्या बाईला!"

हनुवटीखाली घास, पण तोंड पोचेना! ठुमकी स्वतःभोवती गरगर फिरली आणि चक्कर येऊन बसली. तेवढ्यात शेजारचा बोकड आला, गळ्यातलं सगळं खाऊन ढेकर देत गेला.

ठुमकीनं पेठ डोक्यावर घेतली. "धावा हो धावा! गावात चोरांचा नुसता सुळसुळाट झालाय!"

ओरडताना तिच्या दाढीत वाण्याच्या दारच्या मिरचीचा देठ लोंबत होता.