पायऱ्यांवरची भागरथाबाई

"...मग या कामात पुढं कोणी राहायचं, भंतेजी? तेवढं एक सांगा."

तक्षशिला रामटेकेनं विचारलं. ती विहाराच्या खालच्या पायरीशी उभी होती. लहानपणी ती याच विहारात भंते विपुलकीर्तींकडं शिकायला येई. आता ती एका आंतरराष्ट्रीय संस्थेत पाण्याची तज्ज्ञ होती. तिच्या शब्दाला तिथं वजन होतं आणि ते तिला ठाऊक होतं.

शेजारी दावा तामांग. दुसऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा अभियंता, मूळचा नेपाळचा. मराठी बेतानं बोलायचा.

गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांची हाडं वाकत. दोन्ही संस्थांनी मिळून काम घेतलं होतं. पाणी शुद्ध करायचं यंत्र तक्षशिलाच्या संस्थेनं आणायचं, ते चालवायला गावातल्या बायकांना तामांगच्या संस्थेनं शिकवायचं.

यंत्र बसलं. उन्हाळा गेला. यंत्र बंदच होतं.

"यंत्र आमचं," तक्षशिला म्हणाली. "तेव्हा सूत्रं आमच्याकडं हवीत."

"शिकवणार आम्ही," तामांग म्हणाला. "दुसऱ्याच्या मागं उभं राहून शिकवता येत नाही, मॅडम."

भंते अंगण झाडत होते.

"गाव सध्या कोणतं पाणी पितं?"

"बोअरचंच," तामांग म्हणाला.

भंते पुन्हा झाडू लागले...

तेवढ्यात फाटकातून भागरथाबाई आल्या. काठीवर सगळा भार. वय पन्नाशीचं, चाल ऐंशीची. रोज वंदनेला सून आणून सोडायची. आज ती शेतात धानाच्या रोवणीला गेली होती. बाई पायऱ्यांपाशी थांबल्या आणि वर बघत राहिल्या.

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. बाईंच्या हातची काठी घेतली.

"दोघं धरा यांना," ते म्हणाले.

तक्षशिलानं उजवा दंड धरला, तामांगनं डावा. तक्षशिला भरभर चढू लागली. तामांग प्रत्येक पायरीवर थांबू लागला. बाई मधल्यामध्ये पिळल्या गेल्या.

"जरा लवकर, तामांगजी."

"तुम्ही हळू घ्या ना."

"अगं माय..." बाई कण्हल्या आणि होत्या त्या पायरीवर बसल्या.

"तुमचं ठरू द्या बाप्पा आधी," त्या म्हणाल्या. "मी बसली इथंच."

दोघांनी दंड सोडले.

तक्षशिलानं असे वाकलेले गुडघे अहवालांतल्या छायाचित्रांत पुष्कळ पाहिले होते. दंड मात्र आज पहिल्यांदा हातात आला होता. कातडीखाली लगेच हाड लागलं होतं. तिची बोटं अजून तसंच काहीतरी धरल्यासारखी वाकलेली होती.

ती बाईंशेजारी बसली.

"काकू, कसं धरू?"

"धरू नको. नुसता हात दे. पाय माझा मी टाकतो."

दोघांनी हात पुढं केले. बाई त्यांच्यावर रेलून उठल्या. त्या पाय टाकीत तेव्हा दोघं चढत. त्या थांबल्या की दोघं थांबत. मध्ये एकदा त्यांनी बराच वेळ दम घेतला.

"सोमवारी बायकांना यंत्रावर घेऊन येतो," तामांग हलक्या आवाजात म्हणाला. "तुम्ही पण याल?"

"येते. त्याच दिवशी सुरू करू."

"आणि फलकावर आधी नाव कोणाचं?"

"बघू नंतर," तक्षशिला म्हणाली. मग थोडं थांबून, "नसलं तरी चालेल."

बाईंनी पुढचा पाय उचलला.

भंते काठी घेऊन मागून येत होते. वर पोचल्यावर बाईंनी दोघांचे हात सोडले. चौकट धरली. भिंतीच्या आधारानं एकट्या आत गेल्या आणि बुद्धमूर्तीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

तामांग बाजूला होऊन रुमालानं मान पुसू लागला. तक्षशिला उंबऱ्यापाशी तशीच उभी होती, उजवा हात पुढं केलेला.

"भंतेजी," ती म्हणाली, "यंत्र तर सुरू होईल. पण पुढं काय? आम्ही या गावात कधीपर्यंत राहायचं?"

भंते तिच्या हाताकडं बघत होते...

"हात खाली घे, तक्षशिला. बाई आत गेल्या."