न विसरणारे तळे

त्या राज्यात पिण्याचे पाणी एकाच तळ्यात होते आणि ते तळे कोणालाही विसरत नसे. पाण्यावर वाकलेला चेहरा पाण्यातच राही. पिणारा कुठून आला, कुठे गेला, सोबत कोण होते, हेही त्या चेहऱ्याबरोबर तळाशी साठत जाई. तळे बगळ्यांच्या मालकीचे होते. पाणी ते फुकट देत. चेहरे मात्र ज्याला हवे त्याला दाखवत, आणि त्या बदल्यात काय घेतात हे कोणी विचारत नसे.

भुरी सशिणीने मात्र दाद मागायचे ठरवले, कारण लांडगा तिच्या बिळाशी थेट आला होता. ना वास घेत, ना वाट शोधत. आमंत्रण दिलेल्या पाहुण्यासारखा आला. चार पिल्लांपैकी दोन उरली.

राज्याचे कायदे रेडे करत. शिंगे मोठी म्हणून सगळ्यांनी त्यांना निवडून दिले होते. त्यांतल्या एकानेही तळे पाहिले नव्हते. त्यांच्यासाठी बगळ्यांनी वेगळा डोह राखला होता, आणि तो डोह सगळे विसरत असे. सभेची एक रीत होती : ज्याचे डोळे मिटले, तो राजी. पूर्वीचे रेडे म्हणे डोळे मिटून विचार करत, त्यावरून ती पडली. त्यामुळे सकाळच्या बैठकीत काहीच मंजूर होत नसे आणि चरून आल्यावर सगळेच होई.

भुरीला हे ठाऊक नव्हते. ती सकाळी आली. पिऊन गेलेल्याचा चेहरा तळ्याने विसरावा, एवढेच तिचे मागणे होते. एका रेड्याने विचारले, तळे म्हणजे ते गवताळ असते तेच का. दुसरा म्हणाला, पाण्यात चेहरा दिसतोच, त्यात नवल ते काय. तिसऱ्याला पिल्लांचे लाड पसंत नव्हते. त्याच्या काळी चिखल चाटून दिवस काढत. थोरल्या रेड्याला तर रडू आले. पण रडताना त्याचे डोळे टक्क उघडे होते, म्हणून त्याचेही मत धरले गेले नाही.

"पोरी, तुझं दुःख ते आमचं दुःख," तो म्हणाला. "दुपारी मसुदा येईल. बगळे जाणकार आहेत, तेच करतील."

"लांडग्याला वाट दाखवणारेच?"

"अगं, तळं त्यांचं. त्यांच्याइतकं त्यातलं कोणाला कळतंय? तुला कळत असेल तर तू हो बगळा."

सभा पोट धरून हसली.

दुपारी बगळे आले आणि नेहमीप्रमाणे रेड्यांच्या पाठीवर बसले. गोचिडी टिपता टिपता त्यांनी मसुदा म्हणायला घेतला. पहिले वाक्य खणखणीत होते : संमतीशिवाय तळे कोणाचाही चेहरा ठेवणार नाही. भुरीने कान टवकारले. मग बगळ्यांचा आवाज अंगाईसारखा उतरत गेला आणि पापण्या जड होऊ लागल्या. भुरी एकेकाच्या खुरापाशी धावली, मागचे पाय आपटले, शेपट्यांना चावली. एकाने तिला शेपटीनेच उडवले आणि सभेची मर्यादा पाळायला सांगितले. थोरल्याच्या कानामागे बगळ्याने जरा जास्त वेळ चोच फिरवली. त्याचेही डोळे मिटले, तेव्हा दुसरे वाक्य पुटपुटले गेले : पाण्यावर मान वाकवणे हीच संमती. कायदा एकमताने मंजूर झाला. जाग आल्यावर रेड्यांनी एकमेकांचे अभिनंदन केले.

भुरीने पिल्लांना काही दिवस दवावर जगवले. ऊन वाढले तसे दव पडेनासे झाले. मग तिने त्यांना तळ्यावर नेले आणि शिकवले : मान ताठ ठेवायची, पंजा बुडवायचा, पंजा चाटायचा. थोरले शिकले. धाकट्याचा पंजा एवढासा. त्यावर थेंब ठरेना. त्याने आईकडे पाहिले, पंजाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"संमती मिळाली," काठावरचा बगळा अदबीने म्हणाला.

पलीकडच्या काठावर लांडगा निवांत बसला होता. तो पिल्लाकडे बघत नव्हता. पाण्याकडे बघत होता.