उतरंडीची ओंजळ

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. ग्रामदैवताची शपथ घेऊन सांगतो, माझ्या पणजोबांनी हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता पणजोबा जन्मापासून आंधळे होते, हा भाग वेगळा. पण त्यांना दिसायचं फार.

पाहुणे मंडळी, तुम्ही आत्ता धापा टाकत जी चढण चढून आलात, तिला उतरंड म्हणतात. एकावर एक मडकी रचावीत तशी इथं घरावर घर आहे. शहरात अशा वस्त्या पुष्कळ, पण इथल्या प्रत्येक घरामागं कर्दळीचा वाफा दिसेल. मोरीचं पाणी त्या वाफ्यात शिरतं, खडी-वाळूत जिरतं. खालच्या घराच्या उंबऱ्याला त्याचा थेंब लागत नाही. आणि आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी वरच्या आळीतले कर्ते पुरुष अनवाणी खाली उतरतात, तळाच्या विहिरीचं ओंजळभर पाणी पितात. तोवर वर एकही चूल पेटत नाही.

याचं मूळ बायजाक्कापाशी आहे, असे सांगतात.

फार मागं शहराचा तट बांधायला पाथरवट आणले, तेव्हा ही वस्ती बसली म्हणे. माथ्यावर झरा होता. जे आधी आले ते झऱ्याला बिलगून राहिले, मागून आलेले खाली सरकत गेले. तळाच्या आळीला एक विहीर तेवढी होती. वरच्या मोऱ्यांचं पाणी, म्हणजे अंघोळीचं, भांड्यांचं, बाळंतिणींच्या नि आजाऱ्यांच्या धुण्याचं, मधल्या ओघळीतून वाहत यायचं आणि विहिरीच्या फुटक्या कठड्यातून आत उतरायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बायजाक्काचं घर अगदी माथ्यावर. मुकादम सिदोजीची ती आई. तिची लेक ठकू तळाला दिलेली, विहिरीला लागूनच घर. वरून लेकीचं अंगण दिसायचं. दोरीवर दुपटी वाळत असली की नातवंड खुशाल आहे, असं बायजाक्का समजायची. दोनदा ती दोरी रिकामी झाली. हगवणीनं दोन लेकरं गेली. पाण्याचं नाव कुणी घेतलं नाही. कुणी नजर म्हणालं, कुणी नशीब. तिसरा केरबा रांगायला लागला आणि त्याचंही पोट बिघडल्याचा निरोप वर आला.

त्या सकाळी बायजाक्कानं नवं लाल लुगडं पहिल्यांदा धुतलं होतं. रंग कच्चा निघाला, मोरी लालेलाल झाली. लुगडं वाळत टाकून ती लेकीकडं उतरली. ठकू विहिरीवर होती. तिनं पोहरा ओढला आणि आत बघत राहिली.

"आई, आज पानी असं गुलाबी का दिसतंय गं?"

बायजाक्का पोहऱ्यावर वाकली. कठड्याला धरून खाली बसली. ती दोन लेकरं कुणाच्या हातानं गेली, ते तिला त्या पोहऱ्यात दिसलं.

मग ती उठली, केरबाला कडेवर घेतलं आणि चढण चढून थेट सिदोजीपुढं उभी राहिली.

"सिदू, आळीतल्या दर मोरीमागं खड्डा मार. खडी-वाळू भर, वर कर्दळ लाव. आपल्या परसातल्या खडीच्या ढिगातनं पानी कसं निवळून निघतंय, रोज बघतोस न्हवं?"

"आई, काळा खडक हाय ह्यो! तटाचं काम सोडून मोऱ्या खांदत बसू? आन् पानी खालीच जानार. वर थोडंच चढतंय?"

"बरं. मग मीच खाली जाते," बायजाक्का म्हणाली. "तुझा भाचा हितं ऱ्हाईल. झऱ्याचं पानी पाज त्याला. तुमच्या मोऱ्यांचं मी पिते."

वरची आळी हसली. "आक्का आठवडाभरात वर येतीया बघा," शेजारीण म्हणाली, "लेकीच्या हातची आळणी आमटी तिला गिळायची न्हाई!" सिदोजीलाही तसंच वाटलं.

बायजाक्का आली नाही. तेव्हा सिदोजीनं एक युक्ती केली. रोज सकाळी बायकोबरोबर झऱ्याच्या पाण्याची घागर खाली धाडू लागला. बायजाक्का ती घागर शेजारच्या बाळंतिणीच्या दारात नेऊन ठेवायची आणि स्वतः विहिरीचं प्यायची. सुनेला म्हणायची, "सिदूला सांग, समद्या आळीला पुरंल एवढं धाड."

वैशाखाच्या तोंडाला ती अंथरुणाला खिळली. ठकू तिचे पाय धरून रडली. "आई, वर जा गं. माझं लेकरू तिथं बरं हाय. आता माझं काय मागणं न्हाई."

"तुझं बरं हाय," बायजाक्का म्हणाली. "शेजारणीचं?"

शेवटी सिदोजी स्वतः उतरला. दारात वाकून म्हणाला, "आई, हट्ट सोड. पाठीवर घेतो, चल."

"पाठीवर पहार घेऊन ये," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

तो रागानं वर गेला. ओट्यावर केरबा वाटीत तोंड घालून पाणी पीत होता. पोर अंग धरू लागलं होतं, गालावर तुकतुकी आली होती. झऱ्याच्या पाण्याखेरीज त्याला दुसरं औषध दिलं नव्हतं. सिदोजी त्या वाटीकडं बघत बसून राहिला.

उजाडताना उतरंडीवर पहारीचा पहिला घाव वाजला. सिदोजीनं आपल्याच मोरीमागचा खडक फोडायला घेतला होता. मग शेजारी आला, त्याचा शेजारी आला. ज्या बाईनं आमटीची थट्टा केली होती, तीही खडीची पाटी घेऊन आली. घावांचा आवाज तळापर्यंत घुमला. बायजाक्काचं डोकं ठकूच्या मांडीवर होतं. "वाजली गं पहार," एवढं ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. तो दिवस आखितीचा होता.

पुढं काळा खडक लोण्यासारखा कापला गेला म्हणे, आणि लावल्या दिवशीच कर्दळीला फुलं आली म्हणे. खांदा द्यायला वरची आळी खाली आली, तेव्हा सिदोजी आधी विहिरीपाशी गेला. सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी प्यायला आणि मगच तिरडीला हात लावला.

आजही आखितीला तसंच होतं. घराघरात नगरपालिकेचा नळ आला, तरी वरचे लोक खाली येऊन ओंजळ पितात. नळ सुरू करायला आलेल्या साहेबांनाही आधी ती ओंजळ प्यायला लावली होती, असे सांगतात.

खडक लोण्यासारखा कापला गेला, यावर तुमचा विश्वास बसला नसेलच. ती जुन्या लोकांची भर. मी नुसती पोहोचवली. माझ्या पदरची यात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बायजाक्काचं ते 'वाजली गं पहार'. खरं तर पहारीचा आवाज बायजाक्कानं ऐकलाच नाही. ती आदल्या सांजेलाच गेली होती. ठकूचा निरोप वर आला, त्यानंतर सिदोजीनं पहार उचलली.