डोहाचा राखणदार

नद्यांवर अजून धरणं आली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या वळणावर एक वाडी होती. वाडीत शेती कुणाचीच नव्हती. पावसाळा सरला की माणसं नदीत जाळी टाकत, थंडीत रानात फासे लावून ससे-तित्तर धरत आणि उन्हाळा कंदमुळांवर कसाबसा काढत.

उन्हाळ्यात नदी आटायची. पाणी उरायचं ते एका खोल डोहात. नदीतले उरलेसुरले मासे तिथे गोळा होत, पोटात गाभोळी, म्हणजे अंडी घेऊन. म्हणून होळी झाली की नदी पुन्हा वाहेपर्यंत डोहात जाळं टाकायचं नाही, असा वाडीचा नियम होता. त्यावर लक्ष ठेवायला वाडीने लखमाला नेमलं होतं. त्याच्याइतकी नदी कुणाला कळत नव्हती, आणि त्याच्या शब्दावर सगळ्यांचा भरवसा होता.

एका वर्षी थंडीतच वणवा पेटला आणि सगळं रान जळालं. ससे गेले, तित्तर गेले. मातीतले कंदही करपले. त्यातच होळीनंतर लखमाची बायको बुधी बाळंत झाली. बाळ रात्रंदिवस रडायचं, कारण आईच्या अंगावर दूधच नव्हतं.

"आजीकडे जाऊन बघा ना," बुधी म्हणाली. वाडीतल्या सगळ्यात वयस्कर पोशीआजीचा शब्द सगळे मानत. "काही वाट काढील ती."

लखमा निघाला, पण आजीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. ज्याने नियम राखायचा त्याने हात पसरायचा? त्याची त्याला लाज वाटली. तो तसाच डोहावर गेला आणि त्याने पाण्यात गळ सोडला.

बुधीने मासा चिरला तेव्हा पिवळीधमक गाभोळी तिच्या हातावर आली. ती बघत राहिली.

"कुठून आणलात?"

"खालच्या अंगाला एक डबकं राहिलंय, त्यातून."

बुधीने मासा शिजवला. कालवण खाल्लं, बाळाला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी लखमाने आणखी एक मासा आणला. मग आणखी एक. बाळाचं रडणं थांबलं.

पण माशाचा वास झोपडीत थोडाच कोंडून राहतो? शेजारचा चांग्या दारात येऊन उभा राहिला.

"डोहातला ना?"

लखमाने मान खाली घातली. "बाळंतिणीसाठी घेतला रे. एखादाच."

"माझीही पोरं उपाशी आहेत," चांग्या म्हणाला. "मीही एखादाच घेतो."

लखमा त्याला नाही म्हणू शकला नाही. चांग्याचं बघून दुसरा गेला, दुसऱ्याचं बघून तिसरा. जो तो एखादाच मासा घेत होता. मग प्रत्येकाला धास्ती पडली की आपण मागे राहिलो तर बाकीचे सगळं घेऊन जातील. एका सकाळी चांग्या आणि त्याचे भाऊ फक्त माशांना बाधणाऱ्या विषारी झाडाची साल ठेचून ती पाण्यात टाकायला डोहावर निघाले.

लखमा धावत आडवा गेला. "थांबा! बीसुद्धा उरणार नाही!"

"तू कोण सांगणारा?" चांग्या म्हणाला.

लखमाचा हात खाली आला. तो वाटेतून बाजूला झाला.

दुपारपर्यंत डोह पांढरा झाला. लहानमोठे सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. वाडीने पोटभर खाल्लं, तरी त्यातले निम्मे सडले. त्या घाणीने पुढे कितीतरी दिवस डोहाकडे जाववत नव्हतं.

नदी पुन्हा वाहिली. माणसांनी जाळी टाकली. जाळ्यात पाला आला, गाळ आला. मासा आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही.

वाडी मोडायची ठरली तेव्हा लखमा पोशीआजीच्या पाया पडला. "आजी, मी एकच घेतला होता गं, पहिल्यांदा. बाळासाठी."

"ठाऊक आहे," आजी म्हणाली. "येऊन मागितला असतास तर आम्ही सगळ्यांनी मिळून दिला असता. बाळंतिणीला कोण नाही म्हणेल? सगळ्यांदेखत घेतलेला एक मासा एकच राहिला असता रे."

आजी कुठेच गेली नाही. त्याच थंडीत, रिकाम्या वाडीत ती वारली.

बाकीचे डोंगरापलीकडच्या नदीवर गेले. तिथले लोक त्यांना हंगामापुरते आपली जाळी ओढायला ठेवून घेत आणि संध्याकाळी वाटीभर बारीक मासळी देत. लखमाचं मूल तिथे पळायला लागलं.

उन्हाळा आला. तिथली नदीही आटली, तिथेही एक डोह उरला. तिथला म्हातारा मुकादम लखमाला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्या डोहाकडे तेवढं फिरकू नका. तुमच्या वाडीचं ऐकलंय आम्ही."

लखमाने मूल कडेवर घेतलं आणि "बरं" म्हणून तो नदीकडे पाठ करून चालू लागला.

तात्पर्य: अडचण चारचौघांत सांगितली तर नियमालाही वाट सापडते. राखणदारानेच तो चोरून मोडला, तर इतरांना अडवायला कुणी उरत नाही.