उजेडात मिटलेले डोळे

एकदा एक वृद्ध नट रंगभूमीवरून निवृत्त झाले आणि गावातल्या मुलांना नाटक शिकवू लागले. गावच्या नाट्यगृहाने वस्तीतल्या मुलांसाठी दर रविवारी फुकट वर्ग सुरू केला होता. मास्तर, सगळे त्यांना मास्तरच म्हणत, स्वतः घरोघर फिरून मुलं गोळा करत.

एका आईने मात्र त्यांना दोनदा दारातूनच परत पाठवलं. मागच्या वर्षी याच वर्गाच्या प्रयोगात अंधार झाला आणि एक मुलगा कंबरभर उंच मंचावरून खाली पडला, त्याचा हात दोन ठिकाणी मोडला, हे तिच्या कानावर आलं होतं. तिसऱ्यांदा तिची मुलगी तेजल मास्तरांचं बोटच सोडीना, तेव्हा तिचा नाइलाज झाला.

"पाठवते," ती म्हणाली, "पण मी पण येणार बरं का."

ती दर रविवारी येऊन विंगेत, म्हणजे मंचाच्या बाजूच्या पडद्याआड, उभी राहू लागली. तेजल जरा पुढे सरकली की ही पडद्याबाहेर डोकावे. दुसऱ्या एका मुलाची आई हसून म्हणालीसुद्धा, "अहो, एवढी धाकधूक असेल तर पोरीला डब्यात घालून झाकण लावा ना!" पण चेष्टेने भीती जाते थोडीच?

नाटकात तेजल विहिरीकाठी बसून राजाचं भाषण ऐकत असे. भाषण संपलं की सगळे दिवे जात, आणि त्या अंधारात तिने दहा पावलं चालून विंगेत यायचं होतं. डाव्या हाताला मंचाची कड. एक पाऊल चुकलं तर थेट खाली. आईने मनाशी ठरवून टाकलं होतं की आपण विंगेतून मोबाइलची बत्ती दाखवायची. कुणाला सांगायचं नाही, नुसती दाखवायची.

तालीम सुरू झाली. राजा तावातावाने बोलत होता, दिवे लखलखत होते, आणि मास्तर मध्येच ओरडले, "तेजल, मीट डोळे! घट्ट मीट!"

आई पडद्याआडून धावतच आली. "अहो मास्तर, अंधारात तर तिला दिसणार नाहीच, आता उजेडातही डोळे मिटायला लावता? पोरगी पडली म्हणजे?"

मास्तरांनी तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "बत्ती दाखवणार होतीस ना?"

तिने मोबाइल पाठीमागे लपवला.

"मागच्या वर्षी त्या पोरालाही बत्ती दाखवली होती," मास्तर म्हणाले. "मीच. पडेल या भीतीने. त्याचे डोळे दिपले आणि त्याला कड दिसली नाही. अगं पोरी, पुरता अंधार कुठेच नसतो. दाराच्या फटीतून थोडा उजेड येतच असतो. पण दिव्याकडे बघत राहिलेल्या डोळ्यांना तो दिसत नाही. ज्याने उजेड असतानाच डोळे मिटले आणि दिवे गेल्यावर उघडले, त्याला अंधार ओळखीचा होतो. तिला ती ओळख होऊ दे. मधे तुझी भीती पेटवू नकोस."

आईला ते पटलं, असं नाही. पण मोबाइल तिने पर्समध्ये टाकला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी नाट्यगृह भरलं. आई विंगेत आपल्या नेहमीच्या जागी उभी होती. राजाचं भाषण सुरू झालं, तेजलने डोळे मिटले. आई मात्र त्या झगझगाटात लेकीवरची नजर काढीना. काढणार कशी?

दिवे गेले.

आईला काहीच दिसेना. लेक नाही, कड नाही, स्वतःचा हातसुद्धा नाही. अनवाणी पावलांचा आवाजही येईना. एक, दोन, तीन, ती मनात मोजू लागली. पाचापुढचा आकडाच तिला सुचेना. आता धप्प आवाज येईल, आता किंकाळी येईल, असं तिला वाटत राहिलं. न राहवून ती चाचपडत पुढे सरकली.

तेवढ्यात एका छोट्याशा गरम हाताने तिचा हात पकडला.

"आई, थांब ना," तेजल कुजबुजली. "पुढे पडद्याची दोरी आहे. अडखळशील. पाय उचल."

कुठली दोरी, किती उंच, हे आईने विचारलं नाही. तिने पाय उचलला.