हनुवटीपर्यंत पुरलेला राजा

दोन नद्यांच्या खालच्या दलदलीत लारूमचे टेकाड आहे. त्यावर एक दगडी माणूस हनुवटीपर्यंत जमिनीत पुरलेला आहे. डोळे बशीएवढे, सताड उघडे. नाक शाबूत, तोंड मात्र झिजून सपाट झालेले. पाहुणे म्हणतात, वाऱ्याने झिजले. टेकाडाचा म्हातारा राखणदार अबू मुतलक विचारतो, वारा काय फक्त तोंड बघून वाहतो? मग तो गोष्ट सांगायला खाली बसतो, आणि पाहुण्यांनाही बसावे लागते.

फार पूर्वी इथे सुमेर लोकांचे नगर होते. या लोकांनी लिहिणे काढले, कालवे काढले, शाळा काढल्या आणि शाळेत पोरांना छडीने फोडून काढण्याची रीतही काढली. देवळात न जाता पुण्य मिळवण्याची युक्तीही त्यांचीच, असे सांगतात. माणसाने हात जोडलेला, डोळे फाडून नगराच्या देवीकडे बघणारा आपला पुतळा करून घ्यायचा आणि गाभाऱ्यात उभा करायचा. पुतळा अखंड प्रार्थना करी, धनी घरी जेवून झोपे. देवीची तक्रार नव्हती. निदान तिने ती कुणाला सांगितली नाही.

राजा मेसझीला ही सोय फार मानवली. त्याने आपला पुतळा बिनचाकांच्या घसरगाडीवर चढवला आणि जिथे जायचा कंटाळा येई तिथे तो धाडू लागला. न्यायनिवाड्याला पुतळा, पेरणीच्या पूजेला पुतळा. स्वतः लव्हाळ्यात रानडुकरांच्या मागे. कुणी हसू नये म्हणून त्याने देवीसमोर फर्मान काढले: पुतळा तोच राजा. जो म्हणेल की हा राजा नव्हे, हा दगड, त्याचे तोंड भाजक्या विटेने फोडावे. सुरुवातीला काही तोंडे फुटली. मग सगळ्यांना पुतळ्यात राजा स्पष्ट दिसू लागला.

त्या नगरात निनबंदा नावाची विधवा जवाचे मद्य गाळून पोट भरी. तिला लूगिद हा एकच मुलगा. एका वसंतात नदी फुगली आणि बांधावर माणसे बोलावली गेली, त्यात तोही गेला. नगराचा जुना नियम असा की बांधावर राजाने पुढे उभे राहायचे, आणि राजा मागे सरेल तेव्हाच माणसांनी मागे सरायचे. मेसझीने पुतळा धाडला. पाणी चढले, बांध पायाखाली थरथरू लागला. माणसे वळून वळून राजाकडे बघत होती, आणि राजा काही मागे सरेना. पुतळ्याबरोबर आलेल्या राजाच्या कारभाऱ्याला सगळे कळत होते. त्याला आपले दातही प्रिय होते. बांध फुटला आणि माणसे वाहून गेली. राजा तेवढा गळाभर पाण्यात डोळे उघडे ठेवून उभा राहिला. त्याच्या धैर्याची म्हणे पुढे गाणी झाली.

निनबंदाला लूगिद लव्हाळ्यात सापडला. तिने त्याला आपल्या अंगणात पुरले. राजाच्या कामावर मेलेल्याच्या थडग्यावर राजाने आपल्या हाताने पाणी घालायचे, नाहीतर तो पाताळात कायमचा तहानलेला राहतो, अशी तिथली समजूत. बाईला भरपाई नको होती, न्यायही नको होता. तेवढे पाणी हवे होते. ती वाड्याच्या दाराशी बसून राहिली. शेवटी कारभारी तिच्या अंगणात पुतळ्याची घसरगाडी घेऊन आला.

"कारभारी, हे आपले राजेच ना?" तिने विचारले.

"तेच."

"नीट बघून सांगा हं. माझी नजर अधू झालीय."

"तेच म्हणून सांगितलं ना, बाई."

तिने पुतळ्याच्या छातीवर तळवा ठेवला, नाकाशी बोट धरले.

"गार पडलेत हो. श्वास नाही. इतका वेळ पाण्यात उभं राहिल्यावर माणूस कसा जगेल? कारभारी, राजे गेले."

दगडाला श्वास नसतो, हे सांगायचे तर कारभाऱ्याला आधी दगड म्हणावे लागत होते.

सगळे नगर रडायला आले. इतक्या आनंदाने कुणी रडले नसेल. राजाला लूगिदच्या शेजारी पुरले. खणणारे हात बांधाबरोबर वाहून गेल्यामुळे खड्डा हनुवटीपर्यंतच झाला. राजाचा चुलतभाऊ तातडीने गादीवर बसला. दुःखाने त्याला उभे राहवेना.

मेसझी शिकारीहून परतला तो वेशीवरच अडवला गेला. तो ओरडला, की राजा मी आहे, पुरला तो दगड. हे सगळ्यांनी ऐकले. वीट कारभाऱ्याने स्वतः निवडून आणली, चांगली भाजलेली.

नदीवर आणि कालव्यावर पहारेकरी हाकलत, म्हणून फुटक्या तोंडाचा तो माणूस दारोदार पाणी मागत हिंडला. पाणी दिले तर त्यालाच राजा मानल्यासारखे होईल, म्हणून विटेच्या भीतीने कुणी दिले नाही. शेवटी तो निनबंदाच्या दारी आला आणि त्याने हात पसरला. तिने घागर भरली, त्याच्या अंगावरून पुढे गेली आणि पुतळ्याच्या तोंडावर ओतली.

"मेलेल्याचं पाणी थडग्यावर घालतात, बाबा," ती म्हणाली. "राजांचं तिथं आहे."

रोज ती ओतायची. तो रांगत जाऊन हनुवटीखाली तोंड लावायचा, पण तापलेली माती त्याच्या आधी पिऊन टाकायची. एका सकाळी तो तिथेच मरून पडलेला दिसला.

निनबंदा त्याला ओढून बाजूला करायला गेली, आणि त्याचा हात हातात आल्यावर तिला उमगले. हाच हात तिने मागितला होता. जिवंत, ऊन हात आपल्या पायांनी तिच्या दारी आला होता. घागर त्यात द्यायची आणि शेजारच्या थडग्याकडे बोट दाखवायचे, एवढेच काम होते. तिने घाईघाईने ती बोटे घागरीभोवती वळवली, आपल्या हाताने दाबून धरली आणि लूगिदवर पाणी ओतले. पण गार हात आणि दगड यांत फरक तो काय? लूगिद खाली अजून तहानलेलाच आहे, असे सांगतात. ती मात्र मरेपर्यंत रोज पुतळ्याला पाणी घालत राहिली. तिला आता दुसरे काम उरले नव्हते.

आजही टेकाडाखालच्या गावात बाया जाता-येता त्या तोंडावर पाणी ओततात. आजही तिथे दुखवट्याला कुणी आपल्या बदली माणूस पाठवत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यालाही खाटेसकट होडीत घालून आणतात. मयताच्या घरचा माणूस आधी त्याचा हात हातात धरून बघतो. ऊन लागला, तर थडग्यावर घालायला पाणी देतो. वाटेत गार पडला असेल, तर होडी परत ढकलतो.